ब्लार्नी म्हणजे काय? गोड बोलून वेळ मारून नेण्याला इंग्रजीत असलेलं नाव आणि नागपूरचा अनुभव

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की नागपुरात मोर्चांचा हंगाम सुरू होतो. यशवंत स्टेडियमवरून निघालेले मोर्चे टेकडी रोडला किंवा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवले जातात. चार-पाच जणांचं शिष्टमंडळ मंत्र्यांना भेटायला जातं आणि तासाभराने परत येतं. ‘काय म्हणाले साहेब?’ असं बाकीचे विचारतात. उत्तर बहुतेक वेळा ओळखीचं असतं: ‘मागण्या रास्त आहेत म्हणाले. तुमच्या संघटनेचं कौतुक केलं. सरकार सकारात्मक आहे, लवकरच बैठक लावू म्हणाले.’

या उत्तरात नकार नाही, अपमान नाही, उलट कौतुकच आहे. तरीही हाती काय लागलं, हे मोर्चेकऱ्यांना सांगता येत नाही. अशा बोलण्यासाठी इंग्रजीत एक नेमका शब्द आहे: ब्लार्नी. या शब्दाचा अर्थ काय, तो आला कुठून, मराठीत त्याला काय म्हणता येईल आणि अशा बोलण्यातून खरं आश्वासन वेगळं कसं काढायचं, हे समजून घेऊया.

ब्लार्नी म्हणजे नेमकं काय?

समोरच्याला खूश करून आपलं काम साधून घेण्यासाठी केलेलं गोड, लाघवी बोलणं म्हणजे ब्लार्नी. यात तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली, स्तुती. दुसरी, बोलण्याची हातोटी. तिसरी आणि महत्त्वाची, हेतू. निव्वळ कौतुक म्हणजे ब्लार्नी नव्हे. त्या कौतुकाच्या मागे काहीतरी मिळवायचं किंवा टाळायचं असतं, तेव्हाच हा शब्द लागू होतो.

सीताबर्डीच्या कापडाच्या दुकानात ‘ताई, हा रंग तुमच्यासाठीच आलाय, दुसऱ्या कुणाला शोभणारच नाही’ असं दुकानदार म्हणतो, ते ब्लार्नी. त्याला साडी खपवायची आहे, हे त्यालाही माहीत आहे आणि ताईंनाही. त्यात फारसं कुणाचं बिघडत नाही. पण उसने पैसे परत मागायला गेलेल्या माणसाला ‘भाऊ, तुमच्यासारखा मोठ्या मनाचा माणूस अख्ख्या नागपुरात नाही’ असं ऐकून रिकाम्या हाताने परतावं लागतं, तेव्हा तीच ब्लार्नी महागात पडते.

हा शब्द आला कुठून?

ब्लार्नी हे आयर्लंडमधल्या एका गावाचं नाव आहे. कॉर्क शहरापासून काही किलोमीटरवर असलेल्या या गावात एक जुना किल्ला आहे. आज दिसणारा त्याचा बुरूज १४४६ साली मॅकार्थी घराण्याने बांधला, असं मानलं जातं.

शब्दामागची कथा सोळाव्या शतकाच्या अखेरची आहे. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिला आयर्लंडमधल्या सरदारांवर पकड बसवायची होती. त्यांनी आपले किल्ले आणि जमिनी राणीच्या हवाली कराव्यात आणि त्या तिच्याकडून पुन्हा घ्याव्यात, असा तिचा आग्रह होता. ब्लार्नीच्या मॅकार्थी सरदाराने कधीच नकार दिला नाही. प्रत्येक वेळी तो राणीची स्तुती करायचा, आपल्या निष्ठेची ग्वाही द्यायचा, किल्ला देण्याची तयारी दाखवायचा आणि सोबत एखादी नवी अडचण सांगून मुदत मागायचा. किल्ला मात्र त्याच्याच ताब्यात राहायचा. शेवटी वैतागून राणीने ‘ही सगळी ब्लार्नी आहे’ अशा अर्थाचे उद्गार काढले, असं सांगतात.

ही दंतकथा आहे. राणी खरोखर तसं म्हणाली, याचा भक्कम पुरावा नाही. पण छापील इंग्रजीत अठराव्या शतकात हा शब्द चांगलाच रुळलेला दिसतो. ऑलिव्हर गोल्डस्मिथच्या १७६६ सालच्या ‘द व्हिकार ऑफ वेकफिल्ड’ या कादंबरीत लेडी ब्लार्नी नावाचं पात्र आहे. फ्रान्सिस ग्रोसने १७८५ मध्ये काढलेल्या बोलीभाषेच्या कोशातही ब्लार्नीची नोंद आहे.

किल्ल्याच्या माथ्यावर बसवलेला एक दगड ‘ब्लार्नी स्टोन’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचं चुंबन घेणाऱ्याला वाक्चातुर्य लाभतं, अशी समजूत आहे. त्यासाठी कठड्याजवळ पाठीवर आडवं होऊन, लोखंडी गज धरून, डोकं मागे खाली झुकवावं लागतं. जगभरातले पर्यटक आजही रांग लावून हे करतात. त्यामुळे आयर्लंडमध्ये ब्लार्नी हा शब्द थोड्या कौतुकानेही वापरला जातो. मात्र एखादी व्यक्ती आयरिश आहे म्हणून तिच्या बोलण्याला ब्लार्नी म्हणणं अनेकांना खटकतं, हेही लक्षात ठेवावं.

कथेतला मुद्दा असा, की हा शब्द केवळ खुशामतीचा नाही. राणीला खूश करणं हे साधन होतं, मुदत मिळवणं हे उद्दिष्ट. गोड बोलून वेळ मारून नेणं, हे ब्लार्नीचं मूळ काम.

मराठीत याला काय म्हणायचं?

एका शब्दात बसेल असा प्रतिशब्द नाही, पण छटा पकडणारे शब्द भरपूर आहेत.

खुशामत आणि चापलुसी हे दोन्ही शब्द फारसीतून आले. त्यांत लाचारीचा वास आहे. वरच्याची खुशामत केली जाते. ब्लार्नीत लाचारी असेलच असं नाही. मोठा माणूसही लहानाला ब्लार्नी लावू शकतो.

मस्का लावणे, लोणी लावणे हे रोजच्या बोलण्यातले प्रयोग. मस्का म्हणजे लोणीच. इंग्रजीतही लोणी लावतातच, ‘बटर अप’ करणे म्हणजे हेच.

लाडीगोडी हा शब्द ब्लार्नीच्या बराच जवळ जातो. गोड बोलून मन वळवणं हा त्याचा गाभा आहे. साखरपेरणी हाही तसाच. पुढे काही मागायचं असतं म्हणून आधी गोड शब्द पेरून ठेवायचे.

हरभऱ्याच्या झाडावर चढवणे यात स्तुतीचा परिणाम दिसतो. हरभऱ्याचं रोप वीतभर उंचीचं. त्यावर चढवलेला माणूस पडणारच.

आणि कोपराला गूळ लावणे. गूळ दिसतो, आपल्याच हाताला असतो, पण जीभ तिथे पोचत नाही. आशा दाखवायची आणि हाती काही लागू द्यायचं नाही, हा ब्लार्नीच्या मूळ कथेतला अर्थ या वाक्प्रचाराइतका नेमका दुसरा कोणताच पकडत नाही.

नागपूरकडचा ‘फोकनाड’ हा शब्द मात्र वेगळा. फोकनाड म्हणजे पोकळ बढाया, थापा. त्याला इंग्रजीत जवळचा शब्द ‘बलोनी’. बलोनी ऐकणाऱ्याला लगेच कळते आणि तो हसून सोडून देतो. ब्लार्नी ऐकताना बरं वाटतं, म्हणून ती चालून जाते.

वाक्यात कसा वापरायचा?

ब्लार्नी हे नाम आहे आणि ते मोजता येत नाही. त्यामुळे ‘अ ब्लार्नी’ असं म्हणत नाहीत. ‘अ बिट ऑफ ब्लार्नी’ किंवा ‘ऑल धिस ब्लार्नी’ असं म्हणतात. क्रियापद म्हणूनही तो चालतो. ‘ही ब्लार्नीड हिज वे इन’ म्हणजे गोड बोलून तो आत शिरला.

शब्द अनौपचारिक आहे. कार्यालयीन पत्रात किंवा परीक्षेतल्या निबंधात साध्या स्तुतीसाठी ‘फ्लॅटरी’ आणि मन वळवण्यासाठी ‘कजोल’ हे क्रियापद जास्त योग्य. सत्तेपुढच्या लाचार हांजी-हांजीला ‘सिकोफन्सी’ म्हणतात.

नागपूरचा याच्याशी संबंध काय?

गोड शब्द आणि पाळलेला शब्द यांतला फरक हा नागपूरच्या राजकीय इतिहासातला जुना विषय आहे. हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं, तेही एका लेखी शब्दामुळे.

राज्य पुनर्रचनेच्या आधी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. मराठी भाषकांचं एकच राज्य व्हावं, यासाठी विदर्भातल्या नेत्यांचं मन वळवणं गरजेचं होतं. राजधानी गेल्यावर आपल्याकडे दुर्लक्ष होईल, ही त्यांची भीती होती. त्यातून २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रा. कृ. पाटील, गोपाळराव खेडकर आदी नेत्यांनी त्यावर सह्या केल्या.

या करारातली काही आश्वासनं अशी होती: निधीचं वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात होईल. सरकारी नोकऱ्या, मंत्रिमंडळ आणि उच्च व तंत्रशिक्षणाच्या संस्थांतले प्रवेश यांतही तेच प्रमाण पाळलं जाईल. उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ मुंबईत आणि दुसरं नागपुरात राहील. सरकार दरवर्षी ठराविक काळासाठी नागपुरात येईल आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन तिथे होईल.

पुढे १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती, पण ती मान्य झाली नाही. विदर्भ आधी १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला.

कोणता शब्द पाळला गेला, कोणता राहिला?

उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आजही सुरू आहे. अधिवेशनही १९६० पासून नागपुरात भरत आलं आहे. अपवाद मोजकेच. २०२० आणि २०२१ मध्ये ते मुंबईत झालं. ‘नागपुरात एक पीठ’ आणि ‘वर्षाला किमान एक अधिवेशन’ ही आश्वासनं मोजता येण्यासारखी होती. ती मोडली तर शेंबड्या पोरालाही कळली असती.

पण सरकार नागपुरात ‘ठराविक काळ’ राहील, या शब्दांत किती दिवस ते लिहिलेलं नव्हतं. म्हणून अधिवेशन किती दिवस चालावं, यावरून जवळपास दरवर्षी वाद होतो. २०२४ चं अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर असं सहा दिवसांचं होतं. करार मोडला असं म्हणता येत नाही आणि समाधानही होत नाही.

निधी आणि नोकऱ्यांचं प्रमाण मोजता येण्यासारखं होतं. पण ते दरवर्षी कोण मोजणार आणि कमी पडलं तर काय करायचं, याची पक्की यंत्रणा सुरुवातीला उभी राहिली नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये विकास मंडळांची तरतूद आली, पण विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी ती मंडळं प्रत्यक्षात १९९४ मध्ये स्थापन झाली. त्याआधी अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ च्या अहवालात पहिल्यांदा प्रदेशवार अनुशेष आकड्यांत मांडला. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये आणि त्यात विदर्भाचा वाटा सुमारे १,२४७ कोटी, म्हणजे ३९ टक्के. विकास मंडळांची मुदतही ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

मग नागपूर करार ही ब्लार्नी होती का? तसं सरसकट म्हणणं अन्यायाचं ठरेल. सह्या करणाऱ्यांत विदर्भाचेच नेते होते आणि फसवण्याचा हेतू होता असं दाखवणारं काही नाही. मा. सां. कन्नमवार, वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक आणि देवेंद्र फडणवीस असे अनेक मुख्यमंत्रीही विदर्भातून झाले. अनुशेष फक्त विदर्भाचाच नव्हता, हेही दांडेकर समितीच्या आकड्यांतून दिसलं.

इथेच या शब्दाची मर्यादा कळते. ब्लार्नी ही बोलणाऱ्याच्या मनातली गोष्ट आहे आणि मनातला हेतू सिद्ध करता येत नाही. आश्वासन पाळलं की नाही, हे मात्र तपासता येतं. त्यामुळे ‘हे मनापासून बोलले का?’ यापेक्षा ‘यातलं मोजता येण्यासारखं काय आहे?’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे.

आश्वासन मोजायची व्यवस्था

हाच प्रश्न संसदेलाही पडला होता. मंत्री सभागृहात ‘बघू, करू’ म्हणतात, पुढे त्याचं काय होतं? यावर नजर ठेवण्यासाठी लोकसभेत १ डिसेंबर १९५३ रोजी शासकीय आश्वासन समिती स्थापन झाली. नागपूर करार झाला तेच हे वर्ष.

या समितीचं वैशिष्ट्य म्हणजे तिच्याकडे वाक्यांची एक प्रमाण यादी आहे. ‘विषय विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालीन’, ‘चौकशी करीन’, ‘सदस्यांना माहिती कळवीन’ अशा अर्थाची वाक्यं मंत्र्यांनी सभागृहात उच्चारली की ती आश्वासन म्हणून नोंदली जाऊ शकतात. ती तीन महिन्यांत पूर्ण करणं अपेक्षित असतं. नाही झाली तर खात्याला मुदतवाढ मागावी लागते किंवा कारण द्यावं लागतं. म्हणजे जी वाक्यं आपण वेळ मारून नेणारी समजतो, त्यांनाच इथे हिशेबात धरलं जातं.

महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतही आश्वासन समित्या आहेत. पण एक गोष्ट मोर्चेकऱ्यांनी ध्यानात घ्यावी. या समित्या सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा मागोवा घेतात. टेकडी रोडवर किंवा मंत्र्यांच्या दालनात दिलेलं आश्वासन त्यांच्या हिशेबात येत नाही. वाक्य तेच, मंत्रीही तेच, पण आत बोललेलं नोंदलं जातं आणि बाहेर बोललेलं हवेत विरतं.

म्हणून शिष्टमंडळाला मिळालेला शब्द पक्का करायचा असेल, तर आपल्या आमदाराकडून तोच विषय तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचनेतून सभागृहात आणायला सांगावा. उत्तर कामकाजाच्या नोंदीत येतं. बैठक झाली असेल तर तिचं इतिवृत्त मागावं. निवेदनाची पोच घ्यावी. पुढे काय झालं हे कळत नसेल, तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करता येतो आणि त्याला साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

रोजच्या व्यवहारात ब्लार्नी कशी ओळखायची?

मंत्री असो, बिल्डर असो, नोकरी लावून देतो म्हणणारा एजंट असो किंवा फोनवर ‘सर, तुमच्यासारख्या जाणकार माणसासाठीच ही स्कीम आहे’ म्हणणारा अनोळखी आवाज असो, समोरचं गोड बोलणं ऐकून घेतल्यावर चार प्रश्न विचारावेत.

• काम नेमकं कोण करणार? ‘आम्ही बघतो’ हे उत्तर नव्हे. नाव किंवा पद हवं.

• किती? रक्कम, संख्या, क्षेत्रफळ, जे असेल ते आकड्यात.

• कधीपर्यंत? ‘लवकरच’ ही तारीख नसते.

• नाही झालं तर? कुणाकडे जायचं आणि काय परत मिळणार.

खरं आश्वासन देणाऱ्याला हे प्रश्न खुपत नाहीत. ब्लार्नी लावणारा मात्र उत्तराऐवजी पुन्हा कौतुकाकडे वळतो: ‘अहो काका, तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?’ व्यवहाराचा प्रश्न नात्यावर नेला, की सावध व्हावं.

याचा अर्थ गोड बोलणारा प्रत्येक माणूस लबाड, असा नाही. संक्रांतीला तिळगूळ देऊन गोड बोलायला सांगणारी आपली रीत आहे. गोड बोलून खरं काम करणारी माणसंही असतात आणि कडक बोलून काहीच न करणारीही. बोलण्याची चव वेगळी आणि त्यातला ऐवज वेगळा.

पुढच्या डिसेंबरात टेकडी रोडवर शिष्टमंडळ बाहेर येईल, तेव्हा ‘काय म्हणाले?’ यासोबत ‘लिहून काय दिलं, आणि तारीख कोणती?’ हेही विचारायला हवं. एलिझाबेथ राणीने मॅकार्थीला हे वेळेवर विचारलं असतं, तर कदाचित इंग्रजीला हा शब्द मिळालाच नसता.